पुठ्ठ्याच्या चेकची मागची बाजू

ब्रेंडन गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. कतारमधल्या मेसईदहून दोह्याकडे निघालेली बस, शिफ्ट सुटलेली, निम्मे लोक खिडकीला डोकं टेकून झोपलेले, आणि त्यात नोराचा फोन. नोरा ही त्याची थोरली बहीण. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किलब्रान नावाचं त्यांचं लहानसं गाव आहे, तिथे ती राहते. तिला मी एकदाच पाहिलं होतं, तेही फोनच्या पडद्यावर. ती म्हणाली, "इक्बाल, ब्रेंडन गेला. काल. गाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना घरोघरी सोडून आला, किल्ली खिळ्याला अडकवली, खुर्चीत बसला आणि चहा मागितला. मी चहा घेऊन येईपर्यंत..." मग जरा थांबून म्हणाली, "साखर दोन चमचे घातली होती. मला चालत नाही, म्हणून तो चहा ओतून टाकावा लागला." अशा वेळी माणसाने काहीतरी शोभेलसं बोलावं. मी विचारलं, "किल्ली खिळ्याला होती ना?" ती म्हणाली, "होती." आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. त्या क्षणी तोच प्रश्न का सुचला आणि नोराला तो अजिबात विचित्र का वाटला नाही, हे सांगायचं तर ब्रेंडनबद्दलच सांगावं लागेल.

मेसईदच्या एका खत कारखान्यात तो शटडाउन प्लॅनर होता. वर्षातून एकदा कारखाना बंद करून सगळी यंत्रं उघडायची, साफ करायची, पुन्हा जोडायची. त्या दिवसांत कोणी कुठे कधी उभं राहायचं याचा तक्ता तो करायचा. कंपनीने त्याला संगणक दिला होता. तो तक्ता पेन्सिलीने कागदावर करायचा, पेन्सिलीचं मागचं टोक चावत चावत, आणि पूर्ण झाला की माझ्याकडे आणून द्यायचा. मी तिथे कागदपत्रं सांभाळतो, डॉक्युमेंट कंट्रोलर असं भारदस्त नाव आहे त्याला. "इक्बाल, हे आता मशीनला समजेल असं कर," एवढंच तो म्हणायचा. कारखान्यात एक नियम आहे, आणि ब्रेंडनचा देवापेक्षा त्या नियमावर जास्त विश्वास होता. शिफ्ट संपली म्हणून जागा सोडायची नाही. आपल्या बदलीचा माणूस येऊन समोर उभा राहिला, त्याच्या तोंडाकडे बघून कामाचं सांगितलं, की मग निघायचं. बस सुटली तरी चालेल. माझ्या देखत एकदा एक सुपरवायझर बदलीची वाट न बघता निघाला, तेव्हा ब्रेंडन फाटकापर्यंत पळत गेला आणि त्याला परत घेऊन आला. पन्नाशी उलटलेला, तांबडा झालेला, घामाने निथळणारा आयरिश माणूस. तो सुपरवायझर नंतर आम्हाला म्हणाला, "मला वाटलं आग लागली."

आमची मैत्री आडनावावरून जमली. माझं आडनाव आंबेखारकर. त्याने विचारलं, हे एवढं लांब काय आहे. मी सांगितलं, आंबेखार हे माझं गाव, रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीवर. आणि कर म्हणजे तिथला. तो एकदम खूश झाला. म्हणाला, "म्हणजे तुम्ही गाव सोडताना गाव बरोबरच घेऊन निघता. आमच्याकडे एवढी अक्कल कुणाला सुचली नाही." दुसऱ्या दिवसापासून तो मेसमध्ये स्वतःची ओळख 'ब्रेंडन किलब्रानकर' अशी करून देऊ लागला. नव्याने आलेल्या पुण्याच्या एका इंजिनिअरने तर त्याला गंभीरपणे विचारलं होतं, "आपण मूळचे कुठले?"

त्याच्या आजीच्या वेळच्या गोष्टी तो सांगायचा तेव्हा मला आमचीच खाडी दिसायची. किलब्रानमध्ये प्रत्येक घरातून कोणीतरी अमेरिकेला गेलेलं. नाताळाच्या आधी पोस्टमन यायचा तेव्हा सगळं गाव दारात उभं. पत्रातून डॉलर यायचे. त्यातून छप्पर व्हायचं, गाय यायची, चर्चची घंटा यायची. "आणि उरलेल्या पैशांतून काय यायचं माहीत आहे?" त्याने मला विचारलं होतं. "पुढच्या बहिणीचं तिकीट. मोठीने पाठवलेल्या पैशांवर मधली गेली, मधलीच्या पैशांवर धाकटी. गावावर एवढं प्रेम केलं आम्ही, इक्बाल, की गावात कोणी ठेवलंच नाही." हे तो हसत सांगायचा. मी हसलो नाही, कारण आमच्याकडे तिकिटाच्या जागी व्हिसा असतो, एवढाच फरक.

परदेशी गेलेल्या माणसाला गावासाठी काहीतरी करावंसं वाटतं, आणि ते करताना कोणीतरी बघावं असंही वाटतं. यात मला पाप दिसत नाही, करमणूक मात्र पुष्कळ दिसते. दोह्यातले आयरिश लोक वर्षातून एकदा मुशैरिबच्या एका हॉटेलात जेवण ठेवतात आणि आपापल्या गावांसाठी देणग्या जमवतात. एका वर्षी ब्रेंडन मला घेऊन गेला. त्या दिवशी त्याने हिरवा टाय घातला होता, आणि एरवी बुटाची नाडीही धड न बांधणारा हा माणूस दर पाच मिनिटांनी टायची गाठ तपासत होता. भाषणं झाली. मातृभूमी हा शब्द किती वेळा आला ते मी मोजत होतो, पण मिठाई आल्यावर हिशेब चुकला. मग दोन माणसांनी पुठ्ठ्याचा एक प्रचंड चेक धरून आणला, साधारण दरवाजाएवढा. त्यावर किलब्रानचं नाव, पुढे बरीच शून्यं. ब्रेंडनने तो हातात घेतला आणि फोटो निघाले. पुठ्ठ्याचा चेक कुठल्याच बँकेत वटत नाही, पण फोटोत फार छान वटतो. गंमत नंतर झाली. चेक लिफ्टमध्ये आडवा जाईना, उभा जाईना. टॅक्सीवाल्याने हात जोडले. शेवटी आम्ही दोघं तो डोक्यावर धरून मुशैरिबच्या त्या चकचकीत फरशांवरून चालत निघालो, आणि येणारे-जाणारे बाजूला सरून आम्हाला वाट देत होते. "इक्बाल," तो पुठ्ठ्याखालून म्हणाला, "माझ्या आजीच्या पत्रातली नोट घडी घालून पाकिटात मावायची."

त्या देणगीतून किलब्रानमध्ये हॉल झाला. दारापाशी काळा दगड, त्यावर सोनेरी अक्षरांत देणाऱ्यांची नावं. आमच्याकडे असतो अगदी तसाच. उद्घाटनाला ब्रेंडन रजा घेऊन गेला आणि परत आला. चार दिवसांनी बसमध्ये त्याने सांगितलं. नोराने सगळा हॉल फिरून बघितला होता, लाकडी फरशीचं कौतुकही केलं होतं. मग ती म्हणाली होती, "सुंदर आहे. मला गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला कोणी नाही, पण नाचायला हॉल आहे." गावातली बस बंद झाली होती. नोराच्या तीन तारखा हुकल्या होत्या, आणि तिने भावाला एकदाही कळवलं नव्हतं. फोनवर तो दरवेळी हॉलबद्दलच बोलायचा. त्याचा उत्साह मोडू नये म्हणून ती ऐकून घ्यायची.

मग ब्रेंडनच्या मंडळींनी हॉल सोडून गाडी दिली. आठ माणसांची व्हॅन. गावातलाच एक ड्रायव्हर ठेवला. वर्षभर उत्तम चाललं. आणि मग तो ड्रायव्हर ऑस्ट्रेलियात खाणीवर नोकरीला गेला.

हे त्याने सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की पुढच्या बाकावरचा माणूस जागा झाला. ब्रेंडनला राग आला. म्हणून मग मला आमची गोष्ट सांगावी लागली. कतारमध्ये आम्हा आंबेखारवाल्यांची एक कमिटी आहे. अध्यक्ष हमीदभाय, सज्जन माणूस, पण माईक दिसला की पाघळतो. आम्ही आधी गावच्या वेशीवर कमान बांधली, नावांसकट. मग रुग्णांना तालुक्याला न्यायला गाडी दिली. सलीम नावाचा मुलगा ती चालवायचा. शांत, वक्तशीर, गाडी लख्ख ठेवणारा. सुट्टीत गेलो की तो माझ्याकडे यायचा. "इक्बालभाय, माझं कायतरी बघा ना तिकडं. इन्शाल्ला दोन वर्षांत घर बांधीन." इतका चांगला ड्रायव्हर इथे वाया जातोय असं मला वाटलं. मी स्वतः धावपळ करून त्याला मेसईदचा व्हिसा मिळवून दिला. तो आता कंपनीची बस चालवतो. पुढे महिनाभरात माझी खाला, आईची बहीण, अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. आमची गाडी मशिदीपाशी उभी, किल्ली कमिटीच्या कपाटात, आणि खाला गेली मासळीच्या टेम्पोतून. बरी झाली, चालतेही आता. पण दर ईदला फोनवर ऐकवतेच, "तुमची गाडी कमानीखाली फोटोला उभी, आणि मी चालले बोंबलांबरोबर."

"तू व्हिसा दिलास?" ब्रेंडनने विचारलं.

"मी दिला. तुझ्या ड्रायव्हरचं काय?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "त्याचं शिफारसपत्र मी लिहिलं होतं. फार मन लावून लिहिलं होतं, इक्बाल." मग आम्ही दोघंही हसलो. एव्हाना बस जिथे पोचली होती तिथे उतरणारेही थांबून आमच्याकडे बघत होते, आणि आरशातून सलीमही बघत होता. कारण ती बस तोच चालवत होता.

पुढच्या शुक्रवारी ब्रेंडनने मला त्याच्याकडे बोलावलं. दोह्यातल्या अल गराफात एका मोठ्या व्हिलाचे तुकडे पाडून केलेल्या दोन खोल्या त्याच्या होत्या, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. स्वयंपाकघरात बघतो तर पुठ्ठ्याचा तो चेक भिंतीला उलटा लावलेला. शून्यं भिंतीकडे, पांढरी पाठ खोलीकडे. त्यावर पट्टीने आखलेले बावन्न आठवडे आणि कोपऱ्यात सुतळीने बांधलेली पेन्सिल. "चूक सापडली," तो म्हणाला. "आपल्याकडे जे जास्त आहे ते आपण पाठवतो. जे कमी आहे ते दिलं पाहिजे." आखातात राहणाऱ्या माणसाकडे कमी काय असतं हे आम्हाला कोणी सांगायला नको. रजा! वर्षभर तिच्यावर जगायचं, तिकीट सहा महिने आधी काढून रोज उघडून बघायचं. त्या रजेतले दोन आठवडे प्रत्येकाने द्यायचे, गावात राहायचं आणि गाडी चालवायची, असा त्याचा बेत होता. सव्वीस माणसं मिळाली की वर्ष भरलं. दोहा, अबू धाबी, बोस्टन, जिथे जिथे किलब्रानचा माणूस असेल तिथून. आणि नियम कारखान्याचाच. बदलीचा माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. गाडी उभी असेल तेव्हा किल्ली नोराच्या घरी खिळ्याला, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला खिडकीतून दिसेल की आज गाडीला माणूस आहे.

मी म्हटलं, "भाषण नाही, दगड नाही, फोटो नाही... कोण येणार?" पहिल्या वर्षी अकरा जण आले. दुसऱ्या वर्षी बोर्ड भरला. माझ्या शंकेखोर स्वभावाचं असं होतं कधी कधी. मी तोंड लपवायला जागा शोधतो आणि ब्रेंडन चहाचं पाणी ठेवतो. तिसऱ्या वर्षी त्याने बोर्डाच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे किलब्रान, उजवीकडे आंबेखार. "यल्ला, चला," म्हणाला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

हमीदभायनी आधी ठराव मांडायचा म्हटलं, मग उपसमिती. त्या दरम्यान सलीम एका संध्याकाळी ब्रेंडनकडे जाऊन उजव्या रकान्यात पहिलं नाव लिहून आला. मग बाकीचे लाजेने आले. मीही माझे दोन आठवडे घातले, आणि खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा गावात मला पाहुण्यासारखं वाटलं नाही. कारण रोज सकाळी कोणीतरी हाक मारायचं, "इक्बाल, उठलास काय रे? इंजेक्शनला जायाचं हाय." खाला एकदा मुद्दाम पुढच्या सीटवर बसून तालुक्याला जाऊन आली. दवाखान्यात तिचं काहीच काम नव्हतं.

ब्रेंडन आमच्याकडे जेवायला यायचा. माझी बायको रझिया करते ती कोळंबीची खिचडी तो घामाघूम होत खायचा आणि तिला 'भाभी' म्हणायचा. एकदा जेवता जेवता त्याने विचारलं, "आमच्या रकान्यात नऊ बायका आहेत. तुमच्या रकान्यात एकही का नाही?" हमीदभाय त्या दिवशी आमच्याकडे होते. ते म्हणाले, गावचा रस्ता वाईट आहे. ब्रेंडन म्हणाला, रस्ता पुरुषांसाठी चांगला आहे का? हमीदभाय म्हणाले, विम्याचा प्रश्न येईल. रझिया ताटं उचलत होती. ती रोज अल गराफातून मुलींना शाळेत सोडते, इथल्या सिग्नलना आणि लँडक्रूझरना तोंड देत, आणि पनवेलला काढलेलं लायसन्स दर वेळी न चुकता नवं करून घेते. ताटं जरा जोरात ठेवली गेली... मी ते ऐकलं आणि विषय बदलला. लेखात स्वतःचं कौतुक करायची सोय असते, पण हे लिहायलाच हवं.

जायच्या आदल्या शुक्रवारी ब्रेंडन शेवटचा भेटला. किलब्रानमधली त्याची पाळी होती. उजव्या रकान्यात डिसेंबरचे दोन आठवडे रिकामे होते. तिथे त्याने माझ्यासमोर, जीभ दातांत धरून, सावकाश देवनागरीत लिहिलं : ब्रेंडन किलब्रानकर. 'ळ' नसलेलं नाव असल्याबद्दल देवाचे आभार मानले. भारतात गाडी चालवायचा परवाना त्याने कधीच काढून ठेवला होता. "तुमच्याकडेही डावीकडून चालवतात," तो म्हणाला. "इथे इतकी वर्षं मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने चाललोय. निवृत्तीनंतर दोन्ही गावांत बरोबर बाजूने चालवीन." मग नोरासाठी घेतलेल्या खजुराचा डबा दाखवला. मी निघालो तेव्हा दारात म्हणाला, "परत येईपर्यंत बोर्डावर लक्ष ठेव."

किलब्रानला त्याच्या बदलीचा माणूस शनिवारी यायचा होता. बातमी कळताच तो दोह्यातून दोन दिवस आधीच निघाला, आणि नोराच्या खिडकीतल्या खिळ्याखाली जाऊन उभा राहिला. ब्रेंडनच्या दफनाला म्हाताऱ्या त्याच गाडीतून गेल्या. नोरा म्हणाली, एवढी वेळेवर ती कधी आली नव्हती.

आंबेखारचं मात्र अडलं. डिसेंबरात सगळ्यांची रजा आधीच गेलेली, माझीही. मी कुवेतला फोन केला, दुबईला केला. सलीमने विचारून बघितलं, त्याला सुट्टी मिळेना. शेवटी हमीदभायनी तोडगा काढला. "इक्बाल, ते दोन आठवडे गाडी बंदच ठेवू. त्याच्या सन्मानार्थ. कमानीवर फोटो लावू, हार घालू." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

व्हिलाच्या मालकाला खोल्या रिकाम्या हव्या होत्या. नोराने कळवलं, हिरवा टाय तेवढा पाठव, बाकी वाटून टाक. बोर्ड मी भिंतीवरून काढला. तो अर्थातच गाडीत मावेना. शेवटी रझियाने गाडी चालवली आणि मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर आलेला पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. वाऱ्याने तो शिडासारखा फुगत होता. चेकची बाजू रस्त्याकडे. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या एकाने शून्यं बघून अंगठा उंचावला, मबरूक म्हणाला, म्हणजे अभिनंदन. मी शुक्रन म्हटलं. एवढी श्रीमंती माझ्या वाट्याला पुन्हा येणार नाही.

घरी आल्यावर बोर्ड जेवणाच्या टेबलामागे लावला. मी खोडरबर घेऊन डिसेंबरपाशी उभा राहिलो. हमीदभायच्या बेताबद्दल रझियाला सांगितलं.

"बंद ठेवायची?" ती म्हणाली. "अहो, तो माणूस फाटकापर्यंत पळत गेला होता ना, त्या सुपरवायझरच्या मागे? तुम्हीच सांगता दर वेळी."

"मग कोण जाणार? कोणालाच रजा नाही."

"मुलींच्या शाळेला तेव्हा सुट्टी आहे. मला कुठे तुमच्या कंपनीची रजा लागते?" तिने माझ्या हातातलं खोडरबर काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. "त्याचं नाव पुसायचं नाही. विम्याचं हमीदभायना मी विचारते." सुतळी ओढून तिने पेन्सिल हातात घेतली, त्याच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि जरा मागे सरून अक्षर सरळ आलंय का ते बघितलं.

तिने गेल्या आठवड्यात तिकीट काढलं. खालाने आतापासूनच पुढची सीट मागून ठेवली आहे. जेवायला बसलो की बोर्ड माझ्या समोर येतो. कोणाची पाळी बदलली तर मी उठून दुरुस्ती करतो, आणि दर वेळी बोटांना जाणवतं... पेन्सिल त्याचीच आहे, मागच्या टोकाला चावलेली.